तारांवर उभी असलेली विमाने: चार फ्रेंच बायप्लेनच्या मॉडेल-किट संचाचे परीक्षण

पहिल्या महायुद्धातील फ्रेंच लष्करी बायप्लेनचे, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचे, चांगले मॉडेल किट आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ येथील दुकानांत विमानांची जी किट येतात, त्यांत जेट लढाऊ विमाने तरी असतात किंवा दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर तरी. कापडी पंखांच्या, तारांनी बांधलेल्या विमानांपर्यंत कोणी जात नाही. त्यामुळे एका युरोपीय कंपनीने व्वाझँ ३, न्यूपोर १७, स्पाड १३ आणि ब्रेगे १४ ही चार विमाने १:७२ या प्रमाणात एकाच खोक्यात आणल्याचे कळताच मी तो संच मुंबईच्या एका विक्रेत्याकडून अमळनेरला मागवला. चारही विमाने जोडून, रंगवून आणि त्यांच्या तारा ओढून झाल्यावरच हे परीक्षण लिहीत आहे, कारण नुसते खोके उघडून दिलेल्या मताला या प्रकारच्या किटबाबत फारसा अर्थ नसतो. बायप्लेनच्या किटचे खरे गुणदोष वरचा पंख बसवण्याची वेळ येते तेव्हाच कळतात.

संचाची किंमत टपालखर्चासह साडेसात हजार रुपयांच्या घरात जाते. खोक्यात राखाडी प्लास्टिकच्या भागांच्या चौकटी, पितळी पत्र्याचा एक छोटा तुकडा (आसनांचे पट्टे, बंदुकांच्या जाळ्या वगैरे), पाण्याने चिकटणारी डिकल (विमानावर लावायची छापील चिन्हे) आणि एक पुस्तिका आहे. तारांसाठी मात्र काहीही दिलेले नाही, ना धागा, ना तार. पुस्तिकेत तारा कोठून कोठे जातात हे दाखवणारी स्वतंत्र आकृती फक्त न्यूपोरसाठी आहे. उरलेल्या तिघांसाठी खोक्यावरचे रंगीत चित्र पाहून अंदाज बांधावा लागतो. माझ्या दृष्टीने या संचातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि ती किरकोळ का नाही हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

त्या काळच्या बायप्लेनमध्ये तार ही शोभेची वस्तू नव्हती. १९१४ च्या सुमाराची इंजिने साधारण ८० ते १३० अश्वशक्तीची असत आणि तेवढ्या शक्तीत विमान उचलायचे तर सांगाडा अतिशय हलका हवा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या आणि त्यांवर ताणलेले लिननचे कापड. असा एकच लांब पंख स्वतःच्या बळावर भार पेलू शकत नाही. दोन पंख एकावर एक ठेवून, मध्ये उभे दांडे देऊन आणि त्या चौकटीत तिरप्या तारा ताणून बसवल्या म्हणजे मात्र सगळे मिळून एक खोल, हलकी आणि ताठ पेटी तयार होते. बाजेची दोरी एका बाजूने सैल पडली की चारही पाय जाग्यावर असूनही बाज कशी तिरपी होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. या विमानांचेही तसेच होते. धडाच्या खालच्या भागातून निघून बाहेरच्या बाजूला वरच्या पंखापर्यंत चढत जाणाऱ्या तारा उड्डाणात पंखांची उचल पेलत आणि वरच्या बाजूने निघून खालच्या पंखाकडे उतरणाऱ्या तारा जमिनीवर उतरताना पंखांचे वजन सांभाळत. पहिल्या प्रकारच्या तारा अनेकदा जोडीने बसवलेल्या असत, कारण हवेत ती तार तुटली तर पुढे काही उरत नसे. तारांशिवाय उभे केलेले मॉडेल म्हणूनच अपुरेच नव्हे तर चुकीचे दिसते. या चारही किटांकडे मी याच एका कसोटीने पाहिले आहे: प्रत्यक्ष विमान ज्या रचनेवर उभे होते ती रचना किट किती प्रामाणिकपणे दाखवते, आणि ती जोडताना जोडणाऱ्याला कितपत समजते.

या कसोटीवर न्यूपोर १७ अव्वल ठरते. गुस्ताव्ह दलाज यांनी रचलेले हे विमान १९१६ साली आघाडीवर आले. त्याच्या आधीचे न्यूपोर ११, ज्याला वैमानिक लाडाने ‘बेबे’ म्हणत, त्या वर्षाच्या आरंभी दाखल झाले होते आणि जर्मनांच्या फोकर एकपंखी विमानांनी मिळवलेले वर्चस्व मोडून काढण्यात त्याचा मोठा वाटा होता. ‘बेबे’चे इंजिन ८० अश्वशक्तीचे, तर १७ चे ११० अश्वशक्तीचे ल रोन. दोन्हींचे वैशिष्ट्य मात्र एकच: वरचा पंख रुंद आणि खालचा अगदी अरुंद, इतका की त्याला दीडपंखी विमान म्हणणे अधिक नेमके ठरेल. खालचा पंख अरुंद ठेवल्याने वैमानिकाला खाली आणि पुढे छान दिसे, विमान हलके राहून झपाट्याने वर चढे. त्याची किंमतही होती. खालच्या पंखात लांबीच्या दिशेने एकच तुळई असल्याने वेगाने सूर मारताना तो त्या तुळईभोवती पिळवटला जाई आणि कधी मोडेही. जर्मनांनी हीच रचना आल्बाट्रॉस डी-३ मध्ये उचलली आणि तिच्याबरोबर तिचा दोषही उचलला. जानेवारी १९१७ मध्ये खुद्द रिश्टहोफेन या नामवंत जर्मन वैमानिकाच्या विमानाचा खालचा पंख हवेत तडकला होता.

किटमध्ये हा खालचा पंख ज्या नाजूकपणे ओतला आहे, त्याबद्दल कंपनीचे मनापासून कौतुक केले पाहिजे. त्याची मागची कड कागदासारखी पातळ आहे आणि इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा दांडा खाली एकाच बिंदूवर टेकतो, जो त्या एकमेव तुळईच्या बरोबर वर येतो. म्हणजे जोडतानाच हाताला कळते की सगळा भार एका रेषेवर आहे आणि पंख तिच्याभोवती फिरू शकतो. व्हर्नियरने मोजले असता वरच्या पंखाचा विस्तार ११.३ सेंटिमीटर भरला; मूळ विमानाच्या ८.१६ मीटरशी तो तंतोतंत जुळतो. माझ्या संचातील खालचा पंख किंचित वाकून आला होता. कढत पाण्यात काही क्षण बुडवून सपाट काचेवर दाबून ठेवल्यावर तो सरळ झाला.

बंदुकीच्या बाबतीतही किटने दोन्ही पर्याय दिले आहेत. न्यूपोर ११ वर लुईस बंदूक वरच्या पंखाच्या माथ्यावर बसवलेली असे, कारण नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरत्या पात्यांमधून गोळी सोडण्याची यंत्रणा फ्रेंचांकडे तेव्हा तयार नव्हती. गोळ्या पात्यांच्या वरून जात आणि डबा संपला की वैमानिकाला एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने तो बदलावा लागे. न्यूपोर १७ वर पात्यांच्या गतीशी जुळवलेली व्हिकर्स बंदूक नाकावर आली. शिवाय व्ही दांड्यांवर बांधायचे ल प्रियर रॉकेटही दिले आहेत, प्रत्येक बाजूला चार. हे रॉकेट विमानांविरुद्ध नव्हे तर निरीक्षणाच्या फुग्यांविरुद्ध वापरत. मे १९१६ मध्ये व्हर्दनच्या आघाडीवर त्यांनी एकाच दिवशी अनेक जर्मन फुगे पेटवले होते. रॉकेट लावायचेच असतील तर तारा ओढून झाल्यावर लावावेत, आधी लावले तर हात आत जात नाही.

इंजिनाबद्दल एक गोष्ट पुस्तिकेत नीट सांगितली आहे आणि ती वाचूनच भाग रंगवावेत. ल रोन हे फिरते इंजिन होते. त्यात मधला दांडा स्थिर राहतो आणि नळकांडी पंख्यासकट गरगर फिरतात, त्यामुळे पाण्याशिवाय इंजिन थंड राहते. वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण ते परत टाकीत येण्याची सोय नसल्याने जळके तेल सतत बाहेर फेकले जाई आणि विमानाचे पोट, तसेच वैमानिकाचा चेहरा, तेलकट होई. नाकाच्या आवरणाखालून मागे पसरत गेलेले पिवळट तपकिरी ओघळ फिक्या रंगात काढले की मॉडेल एकदम खरे वाटू लागते.

आता तारांचा प्रश्न. सुती धागा इथे चालत नाही. त्याचे तंतू बाहेर येतात आणि १:७२ प्रमाणात ते काथ्यासारखे जाड दिसतात. मासे पकडण्याची नायलॉनची दोरी भुसावळच्या बाजारात मिळते, पण तिची सर्वांत बारीक जातही मला या कामासाठी जाडच वाटली. शेवटी उपयोगी पडली ती मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार. शेतीच्या पंपांमुळे वाइंडिंगची दुकाने आपल्याकडे गावोगावी आहेत आणि छोट्या कॉइलसाठी ठेवलेली ४४ गेजची तार, जिची जाडी ०.०८ मिलिमीटर असते, बहुतेकांकडे निघते. मी गेलो त्या कारागिराने तारेचे रीळ हातात देताना विचारले, “भाऊ, एवढ्या बारीक तारेवर कोणती मोटार चालवणार?” विमानाचे चित्र दाखवल्यावर त्याने पैसे न घेता दोन-तीन मीटर तार कागदाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून दिली आणि तिला पीळ पडू देऊ नका, पीळ पडलेली तार पुन्हा सरळ होत नाही, हेही बजावले. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

तार आधी पोलादी रंगात रंगवून वाळू द्यावी, मग हवी तेवढी तोडून काचेवर ठेवावी आणि पोलादी पट्टीखाली पुढेमागे लोळवावी, म्हणजे ती सुईसारखी सरळ होते. कंपासपेटीतील डिव्हायडरने दोन टोकांमधले नेमके अंतर घेऊन तार त्या मापाला कापायची, चिमट्याने उचलायची, सुईच्या अग्रावर घेतलेला गोंदाचा थेंब दोन्ही जागी लावायचा आणि तार अलगद टेकवायची. जागा आधीच ०.३ मिलिमीटरच्या हातड्रिलने किंचित खोलगट करून घेतलेली असावी. न्यूपोरच्या दांड्यांची एकच जोडी असल्याने तिथे हे काम हाताला बसते आणि पुढच्या विमानांची भीती उरत नाही. म्हणून संचातील क्रमांक काहीही सांगत असले तरी आरंभ न्यूपोरपासूनच करावा.

खान्देशात हे काम करणाऱ्याला ऋतूचा विचार करावा लागतो आणि युरोपात छापलेल्या पुस्तिकेत त्याविषयी काही सापडणार नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. एअरब्रशने मारला तर थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतात आणि पंख वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. रंगात सावकाश वाळण्यासाठीचे मिश्रण घालावे आणि सकाळी सातच्या आत रंगकाम उरकावे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे मात्र उलटे आहे. तो हवेतील ओलाव्याने घट्ट होत असल्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतो, आणि कूलरच्या झोतासमोर बसून काम केले तर त्याच गोंदाची पांढरी बुरशीसारखी झाक आजूबाजूला उठते. कूलर बंद करून, दार लोटून बसणे त्रासाचे असले तरी तारा ओढताना दुसरा उपाय नाही. डिकलही या हवेत झरझर वाळतात. जागेवर सरकवायला मिळणारा वेळ फार थोडा असतो, तेव्हा खाली पाण्याचा चांगला थर ठेवावा.

स्पाड १३ विषयी थोडक्यात सांगता येईल, कारण ते चांगले असले तरी किट म्हणून सर्वांत साधे आहे. लुई बेशेरो यांची ही रचना एप्रिल १९१७ मध्ये प्रथम उडाली, आणि अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. मार्क बिर्किग्ट यांच्या हिस्पानो-सुइझा इंजिनामुळे ते ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाई आणि सूर मारताना पंख मोडण्याची भीती न्यूपोरसारखी नसे. दंतचक्रे बसवलेल्या या इंजिनाने सुरुवातीला कार्यशाळांना बराच त्रास दिला, तरी गिनमेर आणि फाँक यांच्यासारख्या वैमानिकांनी उडवलेले हे विमान युद्धाच्या अखेरपर्यंत टिकले. पाहताना वाटते की प्रत्येक बाजूला दांड्यांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्यक्षात आतली जोडी भार पेलण्यासाठी नसून तिरप्या तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांना धरून ठेवण्यासाठी आहे, म्हणजे त्या थरथरत नाहीत. किटमध्ये या दांड्यांच्या मध्यावर तारेसाठी केसभर खाच दिली आहे. हा बारकावा ज्याने विचारात घेतला त्याला विमान समजले होते, यात शंका नाही. पंखांवरच्या बरगड्या मात्र फार उठावदार आहेत. खऱ्या विमानाचे कापड डोपने (कापडाला लावायच्या लाखेसारख्या द्रावणाने) ताणून ढोलाच्या कातड्याइतके घट्ट झालेले असे, त्यामुळे हजार नंबरचा पॉलिश कागद ओला करून बरगड्या हलक्या घासून घ्याव्यात.

ब्रेगे १४ साठी हा संच घ्यावा, असे मी म्हणेन. लढाऊ विमानांचे किट कोठून तरी मिळते. बाँबफेकी विमानांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही आणि हे विमान त्या उपेक्षेला मुळीच पात्र नाही. लुई ब्रेगे यांनी नोव्हेंबर १९१६ मध्ये ते प्रथम हवेत नेले. त्याच्या सांगाड्यात ड्युराल्युमिन, म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, मोठ्या प्रमाणावर वापरला होता. घाऊक संख्येने बनलेल्या विमानात ही गोष्ट त्या वेळी नवी होती, आणि त्यामुळे ते गोळ्या खाऊनही परत येणारे मजबूत विमान म्हणून ओळखले गेले. ३०० अश्वशक्तीचे रेनो इंजिन, दोन माणसे आणि सुमारे ३०० किलो बाँब एवढा भार घेऊन ते त्या काळच्या अनेक लढाऊ विमानांना गाठता येणार नाही अशा वेगाने जाई. १९१८ च्या वसंतात फ्रेंचांनी बाँबफेकी आणि लढाऊ विमानांचा जो मोठा एकत्रित विभाग उभारला, त्याचा कणा ब्रेगे १४ होते आणि त्याच वर्षीच्या जर्मन चढाया रोखताना पूल, रस्ते व सैन्याच्या रांगा यांवर दिवसाढवळ्या झालेले हल्ले मुख्यतः त्यांनीच केले. युद्ध संपल्यावर हीच विमाने तुलूझहून मोरोक्को आणि पुढे डाकारपर्यंत टपाल नेत असत.

किटचा पंखविस्तार जवळजवळ २० सेंटिमीटर आहे. दोन्ही बाजूंना मिळून आठ उभे दांडे, धडावरचे वेगळे, आणि ते सगळे एकाच वेळी वरच्या पंखाच्या खळग्यांत बसायला हवेत. दांडे मुळात योग्य लांबीचे आहेत, मात्र खळगे उथळ आहेत आणि ते खोल केल्याशिवाय काम होत नाही. जाड पुठ्ठ्याच्या दोन उभ्या पट्ट्या खालच्या आणि वरच्या पंखांमध्ये अंतर राखतील अशा कापून तात्पुरत्या लावल्या तर वरचा पंख सरळ बसतो. त्यानंतर आतल्या दांड्यांच्या तारा आधी, बाहेरच्या नंतर, आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने ओढाव्यात. एका बाजूच्या सगळ्या तारा आधी संपवल्या तर पंखाला नकळत पीळ बसतो. तारा पूर्ण झाल्यावर पंखाचे टोक बोटाने हलवून पाहिले, तेव्हा आधी लवचीक वाटणारे प्लास्टिक खरोखरच ताठ झालेले होते. तांब्याची एवढी बारीक तारही भार घेते, हे हाताला कळणे हा मला या संपूर्ण संचातील सर्वांत मोलाचा अनुभव वाटला.

बाँबफेकी प्रकारात खालच्या पंखाच्या मागच्या कडेला, जवळजवळ पूर्ण लांबीभर, रबरी दोऱ्यांनी खाली ओढल्या जाणाऱ्या झडपा असत. वेग वाढला की हवेच्या दाबाने त्या आपोआप वर उचलल्या जात, वेग कमी झाला की पुन्हा खाली येत आणि जड विमानाला उतरताना आधार देत. किटमध्ये या झडपा सुट्या दिल्या आहेत. विमान जमिनीवर उभे दाखवायचे असल्यास त्या खालीच लावाव्यात. मागच्या माणसाच्या दोन लुईस बंदुका आणि त्यांचे फिरते कडे पितळी पत्र्यात उत्तम उतरले आहे. बाँबच्या चौकटी मात्र एकसंध ठोकळ्यासारख्या आहेत, आणि इतक्या चांगल्या किटमध्ये त्या खटकतात.

राहिले व्वाझँ ३. इतिहासाच्या दृष्टीने हे चौघांत ज्येष्ठ आहे. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी रँस शहराजवळ जोझेफ फ्राँत्झ आणि त्यांचे मेकॅनिक लुई केनो यांनी याच जातीच्या विमानातून हॉचकिस बंदुकीने एक जर्मन आविआटिक पाडले. विमानाने विमान गोळ्या घालून पाडल्याची ती पहिली नोंद मानली जाते. पुढे २७ मे १९१५ रोजी व्वाझँच्या तुकड्यांनी जर्मनीतील लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यावर बाँब टाकले. पंखा आणि इंजिन मागे असल्यामुळे समोर बसलेल्या माणसाला मोकळेपणी गोळी चालवता येई, पण मागून आलेल्या शत्रूपुढे विमान असहाय होते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा वेग असताना दिवसा जाणे जेव्हा परवडेनासे झाले, तेव्हा व्वाझँ रात्रीच्या कामाला लागले.

मॉडेल म्हणून ते नवशिक्याने हाती घेऊ नये. शेपटी चार बारीक नळ्यांवर मागे तरंगते आणि त्या नळ्यांमध्ये पुन्हा दांडे आणि तारा. किटमध्ये या नळ्या इतक्या नाजूक आहेत की चौकटीतून कापतानाच मोडण्याचा धोका आहे. माझ्या संचात एक नळी येतानाच मोडलेली होती आणि ती मी तेवढ्याच जाडीच्या पितळी तारेने बदलली. दुसरी अडचण वजनाची आहे. मूळ विमान चार चाकांवर, शेपटी जमिनीपासून वर धरून उभे राहत असे. मॉडेलमध्ये सगळे वजन मागे गेल्याने ते शेपटीवर बसते, आणि पुढचा कप्पा उघडा असल्याने शिसे लपवायला जागा नाही. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाचा छोटा मणी ठोकून चपटा केला आणि आसनांखाली बसवला, तेव्हा ते चार चाकांवर राहिले. पुस्तिकेत याचा उल्लेख असायला हवा होता.

रंग आणि डिकल यांबद्दल संमिश्र मत आहे. फ्रेंच गोलात निळा आत, पांढरा मध्ये आणि लाल बाहेर असतो, ब्रिटिशांच्या उलट, आणि ते सगळीकडे बरोबर आहे. निळा मात्र जवळजवळ काळपट छापला आहे. फ्रेंच निळा त्याहून पुष्कळ फिका आणि मोकळा होता. न्यूपोरचा रुपेरी रंग कापडावर मारलेल्या ॲल्युमिनियम डोपचा आहे, पत्र्याचा नव्हे, तेव्हा तो चकचकीत करू नये. स्पाड आणि ब्रेगे यांच्यावरचे पाचरंगी छलावरण (शत्रूच्या नजरेपासून लपवणारे रंगकाम) पुस्तिकेत व्यवस्थित दाखवले आहे, आणि गिनमेर यांच्या तुकडीच्या करकोच्याचे चिन्ह इतके रेखीव छापले आहे की पिसे वेगळी दिसतात.

पुस्तिकेतील इतिहासाचा भाग फ्रान्सच्या पश्चिम आघाडीपुरताच आहे. आपल्या वाचकाला त्यात एक मोठी पोकळी जाणवेल, म्हणून येथे भर घालतो. १९१५ च्या मे महिन्यात बसऱ्याला जे पहिले लष्करी विमानदल उतरले, त्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारतीय सैन्यातील वैमानिक होते आणि त्यांची विमाने मोरिस फारमान, नंतर कोद्राँ जी-३, म्हणजे फ्रेंच बनावटीची बायप्लेन होती. कमी ताकदीच्या इंजिनांची ती विमाने इराकच्या उन्हात आणि वाऱ्यात धापा टाकत उडत असताना खाली चालणाऱ्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, ज्यांच्या वाट्याला पुढे कुत-अल-अमाराचा वेढा आणि एप्रिल १९१६ मधील शरणागती आली. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे ज्या २३ क्रमांकाच्या ब्रिटिश तुकडीत जून १९१८ मध्ये धारातीर्थी पडले, ती तुकडी त्यांच्या आधी फ्रेंच स्पाड विमाने उडवत होती, आणि त्यांच्या सॉपविथ डॉल्फिन विमानात बसवलेले इंजिनही हिस्पानो-सुइझाच होते. शाळेच्या प्रदर्शनात ही मॉडेल ठेवणाऱ्या शिक्षकांनी एवढी माहिती कार्डावर जरूर लिहावी.

विक्रेत्याच्या सेवेबाबत सांगायचे तर खोके वेळेत आले, वेष्टन मात्र कमी पडले. मोडलेल्या नळीचे छायाचित्र पाठवल्यावर उत्तर सौजन्याचे आले, पण बदली भाग परदेशातून मागवावा लागेल आणि त्याला किती काळ लागेल हे सांगता येणार नाही, असे कळवले गेले. तोच विक्रेता न्यूपोर आणि ब्रेगे ही दोन किट सुटीही देतो आणि दोघांची मिळून किंमत संचाच्या निम्म्याहून थोडीच अधिक पडते. पहिल्यांदाच बायप्लेन हाती घेणाऱ्याने ही दोनच मागवावीत. ज्याचा हात बसला आहे आणि ज्याला व्वाझँच हवे आहे, त्याने पूर्ण संच घ्यावा. ऑर्डर देतानाच चौकटींभोवती फुग्यांचे प्लास्टिक गुंडाळून पाठवण्यास लेखी कळवावे, आणि खोके आल्यावर शेपटीच्या नळ्या त्याच दिवशी मोजून पाहाव्यात, कारण मोडतोडीची तक्रार आठ दिवसांच्या आत केली तरच स्वीकारली जाते.